सुईवाल्या अक्का

आई धुळ्यात तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ‘दुखणार नाही’ अशी थाप तिने एकाही मुलाला मारली नाही. “थोडं दुखेल हं. मी सांगितलं की जोरात फुंकर मार,” असं सांगूनच ती सुई टोचायची. मुलं रडायची, पण पुढच्या वेळी तिलाच शोधायची.

निवृत्तीनंतर देवपूरच्या आमच्या शेजारणीने, शिल्पाने, तिला नवी नोकरी दिली. रोज जेवणाच्या दोन्ही वेळा भिंतीपलीकडून तिचा मुलाला दटावणारा आवाज यायचा, “प्रशील, जेवतो का बोलावू सुईवाल्या अक्कांना?”

“अगं, माझा धाक नको घालूस,” आई विनवायची. “उद्या पोराला खरंच काही दुखलं, तर तो माझ्याजवळ येईल का?”

शिल्पा हसण्यावारी न्यायची.

आई गेली. आठवड्याने शिल्पा भेटायला आली, पोटभर रडली आणि जाताना तिने आईचा एक फोटो मागितला. मला भरून आलं. मी आईचा सगळ्यात छान, हसरा फोटो शोधून दिला.

शिल्पाने तो निरखून पाहिला.



“ताई, न हसणारा नाही का एखादा? स्वयंपाकघरात लावायचाय. अक्का गेल्यापासून प्रशील जेवतच नाही.”