उपड्या तांब्यावरचा पेला

मनस्विनी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायची आणि रविवारी घरी गेम बनवायची. गेममध्ये तिनं भूकंपात गेलेलं आईचं माहेर उभं केलं. फळीवर उपडा तांब्या आणि त्यावर पेला ठेवला, आई आजही ठेवते तसाच. जमीन हलली की पडून जागं करणारा.

"तवा आम्ही असा पेला ठेवत नव्हतो," आई म्हणाली. "ठेवला असता तर माझी सिंधुताई उठली असती. काढ त्यो."

मनस्विनीनं पेला डिलीट केला. गेम चालवताच तो परत आला. फाईल करप्ट झाली असेल म्हणून तिनं फळीच नव्यानं बनवली. पेला आलाच, आता काठाकडे सरकलेला.

"बाहेर चल," आई उठली.

मनस्विनीनं स्वयंपाकघरात पाहिलं. तिथला पेला जागेवर होता.

मग पडद्यावरचा पेला खणकन पडला. गेममध्ये तिनं अजून एकही आवाज टाकला नव्हता.