खालची ओळ

चष्म्याच्या दुकानातला डोळे तपासायचा प्रोग्राम पायथॉनच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला होता. नव्या कॉम्प्युटरवर त्याची खिडकीच उघडेना, म्हणून दुकानदाराच्या सुनेने तो खिडक्या-बटणं बनवायच्या नव्या टूलकिटवर आणायला घेतला. बटणं, रंग, अक्षरांच्या ओळी, सगळं तिने नव्याने बसवलं.

पहिल्याच दुपारी शेजारचे शिंपीकाका खुर्चीत बसले. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्याच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला होता. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं घडाघडा वाचलं.

"आणि ही खालची?" त्यांनी विचारलं.

"खाली काही नाही, काका."

"आहे की. बारीक आहे, पण आहे." त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आता तर जास्त स्वच्छ दिसतेय. ग... ठ... ण..."

गल्ल्यावर बसलेले सासरे हसले. "अहो, पुरे झाली चेष्टा."

काका थांबले नाहीत. सुनेने घाईघाईने कोड चाळला; त्यात तिने लिहिल्या तेवढ्याच ओळी होत्या. तिने प्रोग्राम बंद केला. पडदा काळा झाला, तरी काका एकेक अक्षर वाचतच होते, फळ्यावर कुणी काठीने दाखवत असावं तसं, संथपणे.

तिने प्लगच उपटला. सासरे आता हसत नव्हते.

"ध," काका म्हणाले. "म."

मग ते श्वास घ्यायला थांबले, आणि पुढचं अक्षर सासऱ्यांच्या आणि तिच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं.