टपालवाटेवरचं वळण

"इतक्या महागाच्या सायकली, आणि वळण आलं की उतरून चालायचं?" नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, कातळावर बसलेले निवृत्त पोस्टमन धोंडूअण्णा पचकन थुंकले. हेल्मेट घातलेली शहरातली पोरं दरीकाठच्या वळणाकडे सायकली ढकलत निघाली होती.

"बत्तीस वर्षं सायकलला टपालाची थैली अडकवून याच वाटेनं खालच्या वाडीला गेलोय. त्या वळणावर कधी पाय टेकला नाही. विचारा गावात."

गावाला ही गोष्ट तोंडपाठ होती.

एका मुलीनं आपली सायकल त्यांच्यापुढे उभी केली. "दाखवा ना अण्णा. खरंच शिकायचंय."

"बघ नीट. आणि ते हेल्मेट तुझ्याकडंच ठेव," म्हणत अण्णांनी टांग टाकली. सायकल भन्नाट सुटली. कानात वारा शिरला तसे अण्णा आपल्याच गोष्टीत रंगले.

वळणाच्या दहा हात अलीकडे जांभळाचं एक झाड होतं. तिथं पोचताच, बत्तीस वर्षांच्या सवयीनं, अण्णांनी ब्रेक दाबला, पाय टेकला, ते खाली उतरले आणि हँडल धरून गुमान चालू लागले.

पोरं बघताहेत, हे त्यांना वळण ओलांडल्यावर आठवलं.