पाच मिनिटांत हरकत न आल्यास

विशाखाताईंनी डाळीचा डबा मांडीवर घेतला, त्यावर उजवं मनगट घट्ट टेकवलं आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

"दुपारपासून काय करून राहिलीस गं?" शेंगा सोलता सोलता आनंदराजनी विचारलं.

"वाट पाहून राहिले. माधवरावांची."

"अन् हे नवऱ्यासमोर सांगतीस?"

विशाखाताई हसल्या नाहीत. माधवराव म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, आणि त्यांची कामाची पद्धत सगळ्यांना पाठ होती. लोक ताटावर बसले की ते ग्रुपवर प्रस्ताव टाकत आणि खाली ठेवणीतली ओळ लिहीत, 'पाच मिनिटांत हरकत न आल्यास मंजूर समजण्यात येईल.' हरकत लेखीच हवी. बोलून पाठवलेला निरोप ग्राह्य नाही. फोनही ते त्या वेळात उचलत नसत. लोकांचा घास घशाखाली उतरेपर्यंत ठराव पास झालेला असे.

विशाखाताईंच्या हाताला कंप होता. एक ओळ लिहून होईपर्यंत ग्रुपवर शुभ रात्रीची फुलं यायला लागत. बोलून टाईप करायला गेलं की टीव्हीतल्या सासूचं बोलणंही त्यात उतरायचं. गेल्या महिन्यात कडुनिंबाखालचा बाक काढायचं ठरत होतं. वॉचमन शिवप्पा आणि धुण्याभांड्याच्या बाया त्यावर घडीभर टेकायच्या, एवढाच त्या बाकाचा गुन्हा. ताईंनी जिवाच्या आकांतानं 'हरकत' एवढं लिहिलं. फोननं पुढचा शब्द सुचवला, 'नाही'. थरथरता अंगठा नेमका त्यावर पडला आणि निरोप गेलासुद्धा. त्या पुसायला गेल्या, तोवर माधवरावांचं गुलाबाचं फूल आलं होतं. 'धन्यवाद विशाखाताई!' दुसऱ्या दिवशी बाक गेला. शिवप्पा झाडाखाली पोतं अंथरून बसला, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

आज पाळी गेटजवळच्या नळाची होती. दुपारीच कुजबुज कानावर आली होती.

मग ताईंनी फोनच्या सेटिंगमध्ये बैठक मारली. कीबोर्डाची उंची वाढवली. आपोआप दुरुस्ती बंद केली. वैयक्तिक शब्दकोश उघडला आणि त्यात आपली वाक्यं एकेक करून भरली, प्रत्येकाला एक छोटी खूण देऊन. अंगठा थरथरून एकच अक्षर दोनदा उमटायचं, म्हणून खुणाही तशाच ठेवल्या, 'हह', 'कक', 'बब'. ज्या खोडीनं नाक कापलं होतं, तिलाच त्यांनी कामाला लावलं.

फोन वाजला.

'गेटजवळचा पिण्याच्या पाण्याचा नळ उद्यापासून बंद करण्यात येत आहे. बाहेरचे लोक गर्दी करतात, चिखल होतो. पाच मिनिटांत हरकत न आल्यास...'

बाहेरचे लोक म्हणजे क्लासची पोरं-पोरी. भर उन्हात एका क्लासहून दुसऱ्या क्लासला पायी जाताना त्या नळावर बाटल्या भरायची.

"दे, मी लिहितो," आनंदराज हात पुसत उठले.

"बसा. माझी हरकत माझ्याच अंगठ्यानं जाईल."

अंगठा थरथरला. हह. कीबोर्डावर पूर्ण वाक्य उभं राहिलं, ताईंनी त्यावर अंगठा टेकवला आणि ते पाठवलं. 'माझी हरकत आहे. नोंद घ्यावी.'

इतक्या लवकर हरकत आल्याची त्या सोसायटीत कुणाला सवयच नव्हती.

'कारण सांगावे,' माधवरावांनी लिहिलं. त्यांना वाटलं असेल, कारण लिहीपर्यंत बाईंची रात्र उलटेल.

कक.

'दुष्काळात आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते मिरजेहून. बाहेरचे म्हणून त्यांनी आपल्याकडं पाठ फिरवली नाही. घागरी घेऊन रांगेत आपणही उभे होतो. चिखल मी स्वतः झाडीन.'

आनंदराजनी वाचलं आणि सोललेले दाणे चुकून टरफलांत टाकले.

'विषय गंभीर आहे. पुढील बैठकीत बघू. तोवर नळ बंद राहील.'

बब.

'बैठकीत बघू, पण तोवर नळ चालू राहील.'

"आगं, हे काय म्हणणार ते तुला दुपारीच ठाऊक होतं?"

"बारा वर्षं ऐकून राहिले त्यांचं. दुसरं काय म्हणणार हायेत?"

तेवढ्यात उमाबाईंचा निरोप आला. दुसऱ्या मजल्यावरच्या या उमाबाईंनी आजवर जोडलेल्या हातांशिवाय ग्रुपवर काही पाठवलं नव्हतं. 'माझी पण हाय.' त्यामागून पंचाक्षरी सरांची हरकत आली. मग वरच्या मजल्यावरची श्रद्धा, मग तिच्या समोरचे. फोन मांडीवरच्या डब्यावर थाडथाड वाजत राहिला. ताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

शेवटी माधवरावांची ओळ आली. 'सभासदांच्या भावना लक्षात घेऊन प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे.'

"जिंकलीस की गं!" आनंदराज म्हणाले. "आता ठेव तो फोन, जेवू."

"थांबा जरा. एक राहिलंय."

याची खूण त्यांनी शब्दकोशात घातली नव्हती. हे अक्षर अक्षर करत लिहायचं होतं. खाली गेटपाशी कुणीतरी नळाखाली बाटली धरली होती, पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ताईंनी मनगट डब्यावर पुन्हा टेकवलं. 'कडुनिंबाखालचा बाक परत ठेवावा. तो काढायला माझी हरकत'

फोननं पुढचा शब्द आपणहून सुचवला, 'आहे'.