समुद्राकाठचे पाच दिवस

"शिकून आलेल्या सगळ्या निवृत्त झाल्या?" नाहिदने पुन्हा विचारलं.

"सगळ्या," इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर शौकी चहात साखर ढवळत म्हणाले. "पण प्रशिक्षणावर भारी खूश होत्या हो. मिस अवातिफ तर अजून सांगते, खोलीतून समुद्र दिसायचा म्हणून."

नाहिद कैरोहून गाडीतून खडखडत मिन्याजवळच्या या सरकारी इस्पितळात आली होती. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, हे तिची संस्था दरवर्षी परिचारिकांना अलेक्झांड्रियाला नेऊन पाच दिवसांत शिकवते. शिकलेलं पुढे कितपत टिकतं, ते तिला तपासायचं होतं. टिकायला माणूस तरी जागेवर हवा ना? इथे उरली होती ती भिंतीवरची प्रमाणपत्रं.

"निवृत्तीला टेकलेल्यांनाच का पाठवता?"

"जन्मभर राबलेल्या बाईला निरोपाचं काय देऊ मग? माझ्या हातात दुसरं आहे काय?"

"आणि यंदा?"

"मिस इन्साफ. ऑक्टोबरात जाऊन येईल, डिसेंबरात सुटतेय."

नाहिदचं डोकं फिरलं. ती तडक प्रसूतीच्या वॉर्डात गेली. डॉक्टर मागून धापा टाकत आले. तिथे रिहाम होती, सगळ्यांत तरुण परिचारिका. गेल्याच आठवड्यात एक बाळ तिच्या हातात निळं पडत गेलं होतं आणि त्याची पाठ चोळण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं.

"यंदा तू जायचंस," नाहिद म्हणाली. "नाहीतर या इस्पितळाला पुढच्या वर्षी एकही जागा मिळणार नाही."

डॉक्टरांनी हात टेकले. "जा बाई, तूच जा."

रिहामचा चेहरा उजळला. मग तिची नजर कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या मिस इन्साफकडे गेली.

"नको," ती म्हणाली. "मिसनी समुद्र पाहिलेला नाही अजून. त्यांच्या तोंडचा घास काढू होय? माझाही नंबर लागेल की."

"कधी? साठीला? तोवर बाळांनी काय दम धरायचा?"

तेवढ्यात आतून कुणीतरी कळवळून ओरडलं, तशी रिहाम हातमोजे चढवत धावली.

नाहिद मिस इन्साफकडे वळली. आता या बाईनेच नाही म्हणायला हवं होतं. तसं तोंडावर सांगायला ती पुढे झाली.

मिस इन्साफने सुजलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"ऑक्टोबरात," तिने हळूच विचारलं, "पाणी फार गार असतं का हो?"