मोठ्या आत्याचं झाड

आमचे हे लाकडाचे ठेकेदार. गावामागचं जुनं जंगल तोडायचा ठेका यांना मिळाला आणि त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेने मुलांना तिथलीच झाडं दत्तक दिली. मुलांनी वाट्याला आलेल्या झाडांना घरच्यांची नावं दिली, पाट्या अडकवल्या आणि ज्याचं नाव त्याला फोटोही पाठवले.

"पाट्या बघून करवत थांबते होय?" असं म्हणत हे कामावर गेले. पुढचं मला मुकादमाने सांगितलं.

पहिल्याच झाडावर पाटी होती, 'मोठी आत्या'. तेवढ्यात यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला, "काय रे, मला कधी पाडतोयस?"

"छे गं ताई! तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही," म्हणत यांनी घाम पुसला. मुकादमाने करवत शेजारच्या झाडाला लावली, तसे हे ओरडले, "अरे थांब, त्या सासूबाई आहेत!"

संध्याकाळी रिकामा ट्रक दारात लावून हे लेकीवर डाफरले, "ही कुणाची अक्कल?"

"आमच्या बाईंची. त्या म्हणाल्या, ज्यांच्यापुढे घरात कुणाचं काही चालत नाही, त्यांचीच नावं द्या."

यांचा चेहरा जरा उजळला. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग माझं नाव कुठल्या झाडाला दिलंस?"



"देणार होते, बाबा. पण आई म्हणाली, 'झाड वाचवायचंय ना तुला?'"