उसनी कळ

एक्स-रे पाहून डॉक्टर कुरण्यांनी कपाळाला हात लावला. साखरेनं बधिर झालेल्या बाबुरावांच्या पावलातली हाडं बिस्किटासारखी चुरली होती, आणि त्याच पावलावर ते लेकीच्या हळदीत नाचलेही होते. आत्ताही खुर्चीत बसून सुजलेला पाय खुशाल हलवत होते.

"काकू, जोडपट्टी काढून ठेवली होती का?" डॉक्टरांनी बाबुरावांच्या बायकोला विचारलं.

प्रमिलाकाकूंनी साडीचा काठ थोडा वर केला. पट्टी घोट्यावरच होती, तिचा दिवाही हिरवा होता. बाबुरावांच्या पायाला न कळणारी कळ ती काकूंच्या पायात जशीच्या तशी पोचवत होती. कळ आली की काकूंनी ओरडायचं आणि बाबुरावांनी पाय टेकायचा नाही, एवढंच दोघांना शिकवलं होतं.

"मग कळ आली नाही?"

"आली की. लेकीच्या लग्नाच्या आधीपासून येतीय. रात्री मी उशी दातात धरून पडायचे."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

काकू गोंधळल्या. नवऱ्याच्या पायाकडं बघत हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, माझाच दुखतोय."